ड्रायव्हरशेजारची जागा

उषाअक्काचं माहेर सांगायचं, सासर सांगायचं, तर त्यात सांगण्यासारखं काय आहे? पिंपळनेरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत जे पाडे आहेत, त्यातल्या एका पाड्यावर जन्मली आणि दुसऱ्या पाड्यावर दिली. नागली, भगर, उडीद. पाऊस झाला तर घरचं खायचं, नाही झाला तर मजुरीला बाहेर पडायचं. अशा बायका त्या भागात घरोघरी आहेत. पण पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही विचारा, तो सांगेल, "उषाअक्का? ती गाडीवाली. विक्रमआबाच्या शेजारी बसते ती."

शेजारी बसते. बास! हीच तिची इस्टेट आणि हाच तिचा मान. आणि ह्या जागेपायी तिनं आठ दिवस जो काही प्रताप केला, तो मी आज सांगणार आहे. लपवून काय करू? सगळ्या साक्रीच्या बाजारानं तो आपल्या कानांनी ऐकलाय.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आलेला जुना पेट्रोल ट्रक. सहा सिलिंडरचा, पुढून चपटा, रंग कुठला ते देवाला ठाऊक. अक्काच्या नवऱ्यानं, विक्रमआबानं, तो घेतला तेव्हा लोक हसले होते. "डिझेलच्या जमान्यात पेट्रोलचा हत्ती कोण पोसतं?" आबानं पोसला. दर बाजाराला पाड्यांवरच्या बायका, त्यांच्या पाट्या, डांगरं, कोंबड्या, वालाची पोती असं सगळं लादून आबा साक्रीला न्यायचा आणि दिवस कलायच्या आत परत आणायचा. एस.टी. तिथवर येते म्हणतात. येते, पण तिची इच्छा असली तर.

पंचवीस वर्षं त्या इंजिनाच्या कानठळ्यांत बसून आबाचे कान गेले. आधी डावा, मग उजवा. डॉक्टरनं मशीन दिलं, ते आबानं चार दिवस लावलं आणि "हाई तर बठ्ठा बाजार डोक्यामा आनस," सगळा बाजारच डोक्यात शिरतो म्हणून पत्र्याच्या डब्यात टाकून दिलं. तेव्हापासून गाडी आबा चालवायचा हातांनी आणि ऐकायची उषाअक्का. मागून हॉर्न आला की ती त्याच्या मांडीवर थापटी मारायची. पट्टा कुरकुरला, सायलेन्सर फुटला, टायरात खडा अडकला, तर आबाच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. एकदाही चुकली नाही हो! सासरच्या माणसांनी तिला आयुष्यात एका गोष्टीसाठी शाबासकी दिली असेल तर ती ह्या कानांसाठी.

आणि मग आली रोशनी.

रोशनी शेजारच्याच पाड्यावरची. वय पंचवीस-सव्वीस. धुळ्याच्या आयटीआयला शिकली, तिथंच एका गॅरेजात दोन वर्षं हात काळे केले आणि मागच्या वर्षी पिंपळनेरच्या रस्त्याला गॅरेजसाठी स्वतःचा पत्रा टाकून बसली. केस मागं घट्ट बांधलेले, अंगात भावाचा जुना शर्ट, बोलणं शहरी. "आबा, जरा बोनेट उघडा ना." आबाला तिचं भारी कौतुक. आपल्या पाड्यांची पोरगी पाना धरते म्हणून जो भेटेल त्याला सांगायचा. त्यात वाईट काय? काहीच नाही. उषाअक्कालाही पहिल्यांदा कौतुकच वाटलं होतं. घरून नागलीची भाकर न्यायची तिच्यासाठी.

बिघडलं ते डिस्ट्रिब्यूटरपासून. सहा प्लगना आळीपाळीनं ठिणगी वाटणारा तो डबा. त्यातून टिचटिच आवाज येतोय हे कोणी ओळखलं? उषाअक्कानं! तीन आठवडे ती आबाच्या कानात ओरडत होती. आबा हो-हो म्हणायचा आणि विसरायचा. मग एक दिवस रोशनीनं बोनेट उघडलं, डब्याचा दांडा दोन बोटांनी हलवला आणि म्हणाली, "आबा, हा झिजलाय. नवा टाकावा लागेल." झालं! आबा चारचौघांत सांगत सुटला, "काय पोरगी शे! नुसती बोट लावं आनि दुखनं सापडी गयं!"

आता तुम्हीच सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही? उषाअक्काच्या तर अंगाचा तिळपापड झाला. तिनं त्या दिवशी भाकर नेली होती, ती परत घरी आणली आणि स्वतःच खाल्ली.

नवा डिस्ट्रिब्यूटर धुळ्याहून आला. रोशनीनं काम हातात घेतलं. त्या ट्रकात प्लगच्या वायरी एका पत्र्याच्या नळीतून जायच्या. चिखलपाणी लागू नये म्हणून आबानंच ती नळी बसवली होती. त्यामुळे कुठली वायर कुठल्या प्लगची, हे डोळ्यांनी कळायची सोय नव्हती. रोशनी हुशार. वायरी काढायच्या आधी म्हणाली, "अक्का, एखादं जुनेर आहे का?" अक्कानं गाडी पुसायचं फडकं फाडून सहा चिंध्या दिल्या. रोशनीनं पहिल्या नंबरच्या वायरीला एक गाठीची चिंधी बांधली, दुसऱ्या नंबरला दोन गाठींची, असं करत सहापर्यंत. मग जुना डबा काढला, नवा बसवला. एवढ्यात कुणाचा फोन आला आणि ती बोलत रस्त्याच्या कडेला गेली.

वायरी लोंबत होत्या. तेलकट वायरींवरून दोन चिंध्या घसरल्या आणि खाली पडल्या. एक तीन गाठींची, एक पाच गाठींची. उषाअक्कानं त्या उचलल्या, झटकल्या आणि रिकाम्या दिसल्या त्या दोन वायरींना नीट घट्ट बांधल्या. त्या क्षणी तिच्या मनात काही पाप नव्हतं बरं का. शपथेवर सांगते मी. हातासरशी मदत केली, एवढंच.

रोशनी आली. गाठी मोजत मोजत वायरी नव्या डब्याच्या टोपीत खोचल्या. आबानं स्टार्टर मारला.

अरे देवा! इंजिन असं थरथरायला लागलं की बोनेटवरचा पाना उडून खाली पडला. सायलेन्सरातून फाट, फाट. पुढून कार्बोरेटर शिंकतोय. सहा सिलिंडरांतली चारच कामाला, दोन नुसती ओझ्याला. उषाअक्का कॅबिनमध्ये आपल्या जागेवर बसली होती. तिला दोन मिनिटांत कळलं. मधलं सिलिंडर आणि मागचं सिलिंडर एकमेकांच्या वेळेला फुटतायत. तीन आणि पाच. आणि त्या चिंध्या तिनंच बांधल्या होत्या. तिनं तोंड उघडलं, "रोशनी, अवं..."

आणि नेमका तेवढ्यात आबा म्हणाला, "उषा, तू उतर खाले. पोरगीले बठू दे. तिले समजस."

तिला समजतं! आणि हिला? पंचवीस वर्षं हिनं काय माश्या मारल्या?

अक्का उतरली. रोशनी चटकन वर चढली, त्या जागेवर बसली, आणि गाडी खोकत, शिंकत फेरी मारायला निघून गेली. पंचवीस वर्षांत गाडी चालू असताना उषाअक्का पहिल्यांदाच खाली रस्त्यावर उभी होती. त्यांना परत यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात तिच्या तोंडातलं वाक्य आत गेलं, ते पार पोटात जाऊन बसलं. म्हणाली, बघू दे. समजतं ना तिला? काढू दे शोधून!

रोशनीनं शोधायला काही बाकी ठेवलं नाही. पॉइंटमधली फट मोजली. कंडेन्सर बदलला. बल्ब लावून टायमिंग बघितलं, थोडं पुढं केलं, थोडं मागं केलं. सगळे प्लग काढून घासले. एकेक वायर काढून इंजिन ऐकलं. तीनची काढली, फरक नाही. पाचची काढली, फरक नाही. म्हणजे दोन सिलिंडर मेलेली. मग ठिणगीच्या पाळीप्रमाणे वायरींचा क्रमही पुन्हा तपासला. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. गाठी बरोब्बर! गाठी तर तिनं स्वतःच्या हातानं मारल्या होत्या, त्यांच्यावर संशय घ्यायचा कशाला? चुकली ती इथंच. उषाअक्का हात बांधून शेजारी उभी राहायची आणि रोशनीचा हात त्या चिंध्यांपाशी गेला की तिचा श्वास अडकायचा. हात पुढं सरकला की सुटायचा. असं रोज.

आणि रोज संध्याकाळी आबा पोरीला म्हणायचा, "चाल, आखो एक फेरी मारी देखू." पोरगी जागेवर आणि अक्का रस्त्यावर!

मधेच पिंपळनेरच्या बाजाराचा दिवस आला. गाडी तशीच न्यावी लागली. बायका पाट्या घेऊन चढल्या. रोशनी म्हणाली, "मी सोबत येते, चढावर कशी चालते ते ऐकते." ती अर्थातच पुढं बसली. उषाअक्का पुढंच, पण दाराकडेला अंग चोरून. मधे रोशनी! आबाच्या मांडीवर थापटी मारायला हिचा हात पोचेना. मागून हॉर्न आला तर रोशनीनंच आबाला खूण केली. अक्कानं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर थुंकली. चढावर गाडीनं मान टाकली. बायकांना उतरावं लागलं. डोक्यावर पाट्या, काखेत कोंबड्या घेऊन सगळ्या चढ चालत चढल्या. त्यातली तानुबाई म्हणजे फाटक्या तोंडाची. ती साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलली, "बाईमानूसना हातमा इंजिन देस का कोनी? चांगली गाडी रोगी करी टाकी पोरगीनी!"

रोशनीनं ऐकलं. उषाअक्कानंही ऐकलं आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. पण पोरगी उतरून गेल्यावर आबा म्हणाला, "बिचारी जेवनी नही आज," आणि ती लाज कुठल्या कुठं पळाली. ह्याला आठ-आठ तास हिनं उपाशी बसून सोबत केली, तेव्हा ह्यानं कधी विचारलं होतं का, जेवलीस म्हणून?

तानुबाईचं बोलणं पाड्या-पाड्यांवर पसरलं. रोशनीच्या पत्र्यासमोर एक ट्रॅक्टर उभा होता, तो मालकानं ओढून दुसरीकडं नेला. मग दोन मोटारसायकली गेल्या. सातव्या दिवशी पोरगी आबाच्या अंगणात आली, ओट्यावर बसली आणि अगदी खाली मान घालून, पण आबाला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाली, "आबा, मला नाही जमलं. दोन सिलिंडर बसलीत, हेड खोलावं लागेल. तुम्ही धुळ्याला नेऊन दाखवा."

आबा म्हणाला, "तुले नही जमनं ते कोनले जमी?"

बघा! म्हणजे हरली तरी तीच मोठी.

पण पुढचं वाक्य ऐकून उषाअक्काच्या हातातला तांब्या सुटला. आबा म्हणाला, "माले बी आते झेपत नही. सुरतना बादल दोन वरीसपाईन सांगी राह्यना, इकी टाका. धुळाना हाशमभाईले फोन लावस. उद्या बाजारमा यी आनि भंगारमा लई जाई."

बादल म्हणजे त्यांचा सुरतेला असलेला मुलगा. गाडी विकून टाका असं तो म्हणायचा, त्याकडं आबानं आजवर कानाडोळा केला होता. आणि आता भंगार? उषाअक्का रात्रभर या कुशीची त्या कुशीला होत राहिली. जागेवर दुसरी बसते म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं. आता जागाच जाणार! सांगावं, तर आबा विचारणार, तुला कधी कळलं? न सांगावं, तर उद्यापासून ती कोण? चुलीपुढची एक म्हातारी. आबा ओट्यावर, ती आत, आणि दोघांत बोलायला काही नाही. घरी आबाला तिच्या कानांची काय गरज?

दुसऱ्या दिवशी गाडी कशीबशी साक्रीला पोचली. बायकांनी पाट्या मांडल्या. हाशमभाई आधीच आला होता. भंगाराचा धंदा करणारा, पण मृदू माणूस. ट्रकभोवती फिरला, मडगार्डावर हात फिरवला आणि म्हणाला, "विक्रमभाऊ, पुन्हा एकदा विचार करा. मी नेली की कापणार, बरं का." रोशनीही आली होती. आपण बसवलेला डिस्ट्रिब्यूटर तरी काढून आबाच्या हातात द्यावा, म्हणून पाने घेऊन आली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

आबा म्हणाला, "एक डाव चालू करी दखाडस तुमले." स्टार्टर मारला. गाडी थरथरली, फाट्कन आवाज झाला, पलीकडच्या कोंबड्या पंख फडफडवायला लागल्या. हाशमभाईनं कात्री चालवल्यासारखी दोन बोटं हवेत हलवली आणि आपल्या माणसाला क्रेनचं विचारलं.

तेव्हा उषाअक्का उठली. बोनेटपाशी गेली. आबाला हातानं खूण केली, बंद कर. त्यानं बंद केली. तिनं तीन गाठींची वायर उपटली, पाच गाठींची उपटली, एकीच्या जागी दुसरी खोचली, दुसरीच्या जागी पहिली, आणि पुन्हा खूण केली, लाव.

इंजिन लागलं आणि नुसतं गुणगुणायला लागलं. ना हिसका, ना शिंक. हाशमभाई पुढं आला, बोनेटवर तळहात ठेवून हसला. "भाऊ, ही तर जवान आहे. हिला कापू मी?"

आबा कॅबिनमधून उडी मारल्यासारखा उतरला. काय झालं, कसं झालं, त्याला कळेना. बायका गोळा झाल्या. रोशनी मात्र एकटक त्या दोन चिंध्यांकडं बघत होती. मग तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का हळू आवाजात, फक्त तिच्यापुरतं बोलली, "तू फोनवर गेली होती. खाली पडल्या होत्या. मी बांधल्या. चुकल्या." आणि थोडं थांबून, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

रोशनीचा चेहरा पांढरा पडला. तिच्या दारातून गेलेला ट्रॅक्टर, तानुबाईचं बोलणं, उपाशी काढलेले दिवस, सगळं तिच्या डोळ्यांत एकदम आलं असणार. तिनं मारलं असतं तरी चाललं असतं अक्काला.

"काय म्हनस ती?" आबानं रोशनीला विचारलं. "काय व्हयनं व्हतं?"

आणि पोरगी आबाच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "काही नाही आबा! वायर उलटी लागली होती! माझीच चूक!"

आता बघा माणसाचं मन. दुसरी एखादी असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता. सुटली ना? कुणाला काही कळणार नव्हतं. पोरीनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. पण उषाअक्का नखशिखांत पेटली. कौतुक घेतलंस. जागा घेतलीस. मांडीवर थापटी मारायची तीही तू मारलीस. आणि आता मोठ्या मनाची पण तूच होणार? आणि मी जन्मभर तुझ्या उपकाराखाली, तू आलीस की चहा ठेवू? नाही! एवढं मी तुला मिळू देणार नाही!

तिनं रोशनीला खांद्यानं बाजूला सारलं. आबाच्या उजव्या कानाला दोन्ही हातांचा कर्णा केला आणि असा आवाज काढला की कांद्याच्या ओळीतले लोक वळून बघायला लागले.

"तिनी चूक नही! मन्ही शे! त्या चिंध्या मी बांध्यात! पैलेच दिनले माले समजी गयथं! आठ दिन मी गप बसनू! तुम्ही माले खाले उतारं म्हनून!"

तानुबाईच्या हातातलं तागडं तसंच वर राहिलं.

आबानं नीट ऐकलं होतं. तरी त्यानं विचारलं, "आठ दिन?"

"आठ दिन!" अक्का ओरडली.

आबा तिच्याकडं पाहत राहिला. तो कधी तिच्या अंगावर ओरडला नव्हता, आजही ओरडला नाही. हाशमभाईला हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमले फुकट तरास दिना. गाडी इकनी नही." मग रोशनीपुढं उभा राहिला आणि त्या एवढ्याशा पोरीपुढं म्हाताऱ्यानं मान खाली घातली. रोशनी म्हणाली, "राहू द्या आबा," आणि पाने गोळा करायला लागली. आबानं तिला पुढचं दार उघडून दिलं, चल, दुकानाशी सोडतो. आणि उषाअक्काकडं न बघताच म्हणाला, "तू मांगे बठ."

रोशनीनं दार लावून टाकलं. "नको आबा. मी एस.टी.नं जाते." पिशवी खांद्याला लावली आणि गर्दीत निघून गेली. अक्काकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अक्का मागं चढली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. चढताना पायरी कुठं आहे तेही तिला ठाऊक नव्हतं. तानुबाईनं हात देऊन ओढली, पोत्यावर जागा केली आणि म्हणाली, "ये वं गाडीवाली. बठ आते आमनामा." दोघी-तिघी हसल्या, पण फारशा नाही. तानुबाई मग स्वतःशीच पुटपुटली, "त्या पोरगीले मी काय काय बोलनू," आणि तोंड फिरवून बसली.

गाडी चढाला लागली. सहाच्या सहा सिलिंडर एका चालीत. कॅबिनच्या मागच्या बारक्या काचेतून उषाअक्काला आबाचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या शेजारची मोकळी जागा. तिथं कुणीच बसलेलं नव्हतं. आठ दिवस जिच्या नावानं ती जळत होती, ती एस.टी.च्या रांगेत उभी असेल. आता जळायचं तरी कुणावर? मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. आबा रस्त्याच्या मधोमधच चालला होता. हॉर्न पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. उषाअक्कानं काचेवर दोन्ही हातांनी थापा मारायला सुरुवात केली, आबाला ऐकू येत नाही हे माहीत असून, आणि मारता मारता तिला रडू फुटलं.